कारण : इतर

वडगावात, मागांच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी दिवसभर दुसऱ्यांचे सूर दुरुस्त करते.
खाली बारा माग. वर मी, कानाला मोबाइलची वायर,
आणि एका पात्याने कुरकुरणारा पंखा.

कुणाचा सिंथ उघडत नाही, कुणाचा उघडतो पण मुका.
कुणी बोट आत्ता दाबतं आणि सूर मागाहून येतो,
सांबऱ्याच्या बसीसारखा.
चिक्कोडीचे एक सर दर सोमवारी : "ध्वनी केळसवल्दु री."
"स्वल्प तडीरी," मी म्हणते, आणि मराठीत विचार करत
कन्नडमध्ये आवाज वाढवते.
केबल निघालेली असते.
बहुतेक वेळा केबलच निघालेली असते.

मग नंदगडहून यल्लाप्पा घाडी.
लायनमन म्हणून निवृत्त, भजनात पेटी चाळीस वर्षं.
पेटीच्या दोन पट्ट्यांमधी काय नसतंय, म्हणाले,
नुसती फट. तिथं धूळ बसतीय, झुरळ शिरतंय.
फंडाच्या पैशातनं ही काळी रबरी पाटी घेतली,
कारण हिच्यात मधलं सगळं हाय म्हणे :
बोट सरकवलं की सावरनं रेवर चालत जातंय,
उडी मारत न्हाई.

पहिली तक्रार, पाटी बोट ओळखत नाही.
खांबावर चढून चढून चामडं झालेली बोटं.
मी दाबाची रेघ वाकवली. म्हटलं, आता हलकं दाबा.
पलीकडून एक सूर आला
आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरी तक्रार, आठवड्याने :
"सूर थरथरूलाय, बाई. बदलून द्या."

नोंद मागवली. एकच गंधार धरलेला, नऊ सेकंद.
पडद्यावर आकडे वर, खाली, वर, खाली,
सेकंदाला पाच वेळा, न चुकता.
यंत्र असं बिघडत नाही. यंत्र बिघडलं की
किंचाळतं, नाहीतर गप्प होतं.
ही लाट कुणाची तरी होती.

आमच्याकडे उत्तरांची यादी असते.
पाटी उन्हात ठेवू नका. मऊ फडक्याने पुसा.
तिच्यात हे नव्हतं.
म्हणून मी विचारलं,
चहा पिताना कप हलतो का हो?

खाली माग चालू होते. त्यांनाही ऐकू जात असणार.
"कप न्हाई," ते म्हणाले. "बशी. बशी वाजतीय."
मग :
"म्हणजे ती बरोबर ऐकूलीय म्हणा."

पेटीनं कधी सांगितलं नव्हतं.
पेटीला काय, पट्टी वर नाहीतर खाली.
डॉक्टरला दाखवा, मी म्हणाले.
खानापुरात गुरुवारी बसतोय एक, ते म्हणाले,
आणि विषय तिथंच ठेवला.
मग मी त्यांना डावीकडचं चक्र दाखवलं,
जे फिरवलं की हात गुळगुळीत होतो.
हात नव्हे, सूर. पण मी हात म्हणून गेले होते.

त्यांनी थेट शंभरवर नेलं. गंधार काचेसारखा आला.
"हे कोण वाजवूलंय?"
खाली आणत, ऐकत, पुन्हा खाली आणत
तीसवर थांबले. "राहूदे एवढा."

तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं.
ड्रायव्हर. केबल. वापरणाऱ्याची चूक. इतर.
बाण कुठेच नेला नव्हता
तेवढ्यात लाइट गेली.
बारा माग एकामागून एक धापा टाकत थांबले
आणि त्यांचा श्वास ऐकू आला,
मोठा, अगदी कानाशी.

"कुठं बसतासा तुम्ही?"
वडगाव.
"वारं सुटलंय काय?"
थोडं.
"मग फांदी. देवळामागचा खांब असणार,
चार उन्हाळं मी तीच तोडलोय.
वीस मिंटं धरा."

फोन ठेवला. अंधारात बसून राहिले.
सतरा लागली.